बावीस इंची रिम आणि मामीची कंबर : आलिशान ऑफरोडरचं टायर-सस्पेन्शन पहिल्यांदा समजून घेताना

माझ्या मामेभावाने दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड मोठी एसयूव्ही घेतली. बावीस इंची काळे चकचकीत रिम, एअर सस्पेन्शन, आत सोफ्यासारख्या सीटा, आणि पहिल्याच रविवारी आम्ही मामीला मागे बसवून ताम्हिणीतून कोकणात उतरायला निघालो. माणगाव यायच्या आधीच मामी म्हणाली, "अरे, तुझी जुनी इनोव्हा काय वाईट होती?" भावाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा गेज लावला तर चारही टायरमध्ये दाराजवळच्या स्टिकरपेक्षा नऊ-दहा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त हवा. पंपावरच्या पोराने "मोठी गाडी आहे ना साहेब, जास्त लागते" म्हणून अंदाजाने मारलेली. हवा स्टिकरप्रमाणे केली, परत त्याच रस्त्याने गेलो आणि मामीची अर्धी तक्रार गेली, फुकटात. उरलेली अर्धी त्या बावीस इंची रिमची होती, ती काही फुकटात जाणारी नव्हती.

म्हणून नवीन लोकांना माझं पहिलं सांगणं हेच, की गचके बसतात म्हणून लगेच शॉकअप बदला, महागडं किट टाका असल्या सल्ल्यांच्या मागे लागू नका. रस्त्याकडून तुमच्या कमरेकडे या, उलटं नाही. रस्त्याचा दणका आधी टायरमधल्या हवेला लागतो, मग टायरच्या भिंतीला म्हणजे साइडवॉलला, मग रिमला, मग चाक धरून ठेवणाऱ्या आर्मच्या रबरी बुशांना, मग स्प्रिंग आणि शॉकअपला, आणि सगळ्यात शेवटी सीटला. आपण तपासायला सुरुवात करतो ती बरोबर शेवटून.

आधी त्रास नेमका कुठला ते ओळखा

"राइड खराब आहे" असं म्हणून मेकॅनिककडे गेलात तर तो काय वाट्टेल ते बदलून देईल. त्रास दोन जातीचे असतात. एक म्हणजे गाडी होडीसारखी डुलते, स्पीडब्रेकर गेल्यावरही दोन-तीन वेळा वरखाली होत राहते, घाटात वळणावर कलंडल्यासारखी वाटते, मुलं मागे उलट्या करतात. हा संथ त्रास. गाडीची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा हलते आणि पोटात ढवळायला लावणारी हालचाल तर त्याहूनही संथ असते. हे काम स्प्रिंग, शॉकअप आणि अँटीरोल बारचं (वळणावर गाडी कलंडू न देणारी आडवी दांडी).

दुसरा त्रास म्हणजे बारीक खडखड, रस्ता दिसायला बरा पण सीटमधून, स्टिअरिंगमधून सतत काहीतरी टुकटुक येत असतं, काँक्रीटच्या जोडांवर टप् टप् टप्, पेव्हर ब्लॉकवर दात वाजतात. हा जलद त्रास. चाक स्वतः सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरू शकतं, आणि आपलं अंग बसल्या जागी उभ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त वैतागतं ते सेकंदाला चार ते आठ वेळा येणाऱ्या. या जलद त्रासात टायर, हवा आणि चाकाचं वजन यांचा हात मोठा असतो, तिथे कम्फर्ट मोडचं बटण दाबून फार काही होत नाही. मामीचा त्रास हाच होता.

हवा

ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर स्टिकर असतं. त्यावर पुढच्या-मागच्या टायरचे आकडे वेगळे असू शकतात, आणि बऱ्याचदा कमी लोड आणि फुल लोड असे दोन प्रकार असतात. टायरच्या भिंतीवर जो "मॅक्स प्रेशर" लिहिलेला असतो तो टायरची मर्यादा सांगतो, तुमच्या गाडीला किती हवा घालायची ते नाही. हा घोळ भलेभले करतात.

हवा सकाळी थंड टायरला तपासायची, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना. टायर तापला की दर पाच-सहा डिग्रीला साधारण एक पीएसआय वाढतो, म्हणजे सकाळी ३५ असलेला टायर दुपारी हायवेवर ४० दाखवतो आणि ते अगदी बरोबर असतं, ते बघून हवा सोडायची नाही. आपल्याकडे एक जुना समज आहे, "उन्हाळ्यात हवा दोन पॉइंट कमी ठेवा, नाहीतर फुटेल". उलटं आहे हो. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेरीला जास्त वाकते, वाकून वाकून तापते, आणि तापलेला टायर फुटतो. एप्रिल-मेच्या उन्हात समृद्धीवर नागपूरकडे १२० च्या लिमिटला तासन् तास चालवायचं असेल तर कमी हवा हा सगळ्यात धोकादायक प्रकार आहे. आणि नायट्रोजनबद्दल विचाराल तर साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, फुकट मिळाला तर घ्या, पैसे देऊन राइड मऊ होत नाही.

स्वतःचा डिजिटल गेज घ्या. गाडीची किंमत बघता तो चिल्लर आहे.

टायर वाचायला शिका, मग रिमचा विषय

इथे हिशोबाला लँड रोव्हरची डिफेंडर घेऊ, कारण आकडे छान जुळतात आणि आपल्याकडे ही गाडी आता बऱ्यापैकी दिसते (लँड रोव्हर २००८ पासून टाटांकडे आहे, आणि रेंज रोव्हरची जुळणी तर २०२४ पासून पुण्यातच होते). डिफेंडरला अठरा इंची रिमवर २५५/७० आर१८ असा टायर येतो. २५५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ७० टक्के, आर म्हणजे रेडियल, १८ म्हणजे रिम. गुणाकार करा, साइडवॉल निघते जवळपास १७८ मिमी. वीस इंचीवर २५५/६० आर२०, साइडवॉल १५३ मिमी. बावीस इंचीवर २७५/४५ आर२२, साइडवॉल सुमारे १२४ मिमी. तिन्ही चाकांची बाहेरची उंची बघितली तर जवळपास तेवढीच, ८१० मिमीच्या आसपास.

म्हणजे रिम मोठं केलं म्हणून चाक मोठं झालेलं नाही, फक्त रबर कमी होऊन धातू वाढला. अठरा आणि बावीसमध्ये तब्बल ५४ मिमी गादी गेली. त्यात मोठं रिम बहुतेक वेळा जड असतं, आणि स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं की खड्ड्यातून उसळलेलं चाक आवरायला शॉकअपला जास्त झटावं लागतं, त्याची थरथर वर बॉडीत येते. शोरूमच्या लाइटखाली बावीस इंची झकास दिसतं हे मान्य, मलाही आवडतं, पण आपल्या रस्त्यांवर एक धारदार खड्डा आणि साइडवॉलवर फुगा आलाच म्हणून समजा. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत. तो टायर पंक्चरवाल्याकडून "बघू या काही होतं का" करायचा नाही, बदलायचाच.

त्यामुळे नवीन गाडी बुक करताना रिमचा पर्याय असेल तर अठरा, एकोणीस, फार तर वीस घ्या. गाडी आधीच घेतली असेल तर कंपनीच्याच यादीतलं लहान रिम बसतं का ते विचारा, पण आतल्या ब्रेक कॅलिपरला जागा पुरते का हे बघूनच, कारण जास्त ताकदीच्या व्हर्जनला मोठे ब्रेक असतात आणि अठरा इंची रिम कधी कधी बसतच नाही. भावाने शेवटी वीस इंची घेतले, जुने विकून निम्मे पैसे परत आले.

टायरवर अजून दोन गोष्टी बघायच्या. आकारापुढचा लोड इंडेक्स, उदाहरणार्थ ११२ म्हणजे एक टायर ११२० किलो पेलतो आणि ११६ म्हणजे १२५०, मूळ टायरपेक्षा खालचा इंडेक्स कधीच घ्यायचा नाही. आणि टायर कधी बनला ते सांगणाऱ्या, भिंतीवरच्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. सेकंडहँड गाडीत नक्षी भरपूर शिल्लक दिसते पण रबर सात वर्षांचं, वाळून कडक झालेलं, असं खूप वेळा निघतं. कडक रबर म्हणजे कडक राइड, आणि पावसात पकडही कमी.

कुठला टायर घ्यायचा

रोडचा एचटी, अर्धा-अर्धा एटी, आणि चिखलाचा एमटी. शंभरातले नव्वद जण फक्त डांबरावर चालवतात आणि एमटी टाकतात, मग ऐंशीच्या वर गाडीत घूंऽऽ असा आवाज येतो आणि गाणी ऐकू येत नाहीत म्हणून स्पीकर बदलतात. महिन्यातून एकदा शेतावर, गडाच्या पायथ्याला, कच्च्या रस्त्याला जात असाल तर एटी पुरे. डिफेंडरवर गुडइयरचा रँगलर ऑल-टेरेन ॲडव्हेंचर कंपनीकडूनच येतो, असा गाडीसाठी मंजूर असलेला एटी मिळाला तर बाकी शोधाशोध नको.

एटीमध्ये एक खाच आहे. त्याच मापात "एलटी" लिहिलेला टायर मिळतो, म्हणजे हलक्या ट्रकसाठीचा, जाड भिंतींचा, दगडांना दाद न देणारा, पण जड आणि कडक, आणि तेवढंच वजन पेलायला त्याला हवाही जास्त लागते. लडाख-स्पितीच्या मोठ्या ट्रिपा करणाऱ्याला तो ठीक, कोथरूड-हिंजवडी करणाऱ्याला ती स्वतःहून घेतलेली शिक्षा. मोह आवरा.

चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि शक्यतो एकदमच बदला. सतत चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत दोन नवे-दोन झिजलेले असले तर चाकांचे घेर वेगळे होतात आणि डिफरन्शियलला (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) उगाच काम लागतं.

आता सस्पेन्शन

जुन्या जीपा, ट्रॅक्स आठवतात? आमच्याकडे वडापच्या गाड्या असायच्या, मागे पाटे. रिकाम्या असल्या की बसणाऱ्याचं डोकं टपाला लागायचं आणि चौदा माणसं कोंबली की कशा झुलत जायच्या. कारण पाटे भरलेल्या गाडीच्या हिशोबाने बसवलेले, रिकाम्या गाडीला ते जास्तच कडक. १९७० मध्ये पहिली रेंज रोव्हर आली तेव्हा तिचं वेगळेपण हेच होतं की अशा दणकट गाडीला चारही बाजूंना पाट्याऐवजी लांब हालचालीच्या कॉइल स्प्रिंग दिल्या होत्या. पुढे १९९२ मध्ये तिलाच इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन आलं. आलिशान ऑफरोडर हा प्रकारच या दोन पायऱ्यांवर उभा आहे.

स्प्रिंग दणका पोटात घेते, शॉकअप ती उसळी मारून परत फेकते त्याला लगाम घालतो. नुसती स्प्रिंग असती तर गाडी नाचतच राहिली असती. एअर सस्पेन्शनमध्ये कॉइलच्या जागी रबरी फुगा असतो, एक कॉम्प्रेसर, हवेची टाकी, व्हॉल्व्ह आणि चाकांजवळ उंची मोजणारे सेन्सर. फायदा असा की मागे तीन माणसं आणि पाच बॅगा टाकल्या तरी हवा वाढवून गाडी सरळ राहते, वडापसारखा रिकामी-भरलेली असा फरक फार पडत नाही. त्याच्या जोडीला बहुतेक गाड्यांत कमी-जास्त कडक होणारे शॉकअप असतात, डिफेंडरमधली यंत्रणा बॉडीची हालचाल सेकंदाला ५०० वेळा तपासते. तरीसुद्धा ती १२४ मिमीच्या रबराचं १७८ करू शकत नाही, हे लक्षात असू दे.

घेण्याआधी विचारा की या वेरियंटला कॉइल आहे का एअर. कॉइल म्हणजे कमी दर्जाचं असं अजिबात नाही. कमी भानगडी, स्वस्त दुरुस्ती, आणि लहान रिमवर कॉइलची गाडी मोठ्या रिमवरच्या एअरपेक्षा खडबडीत रस्त्यावर जास्त गोड चालू शकते, मी दोन्हीत मागे बसून बघितलंय.

उंचीच्या बटणाबद्दल एक गैरसमज फार आहे. डिफेंडरचं एअर सस्पेन्शन नेहमीच्या उंचीपेक्षा ७५ मिमी वर जातं, अगदीच अडकली तर आणखी ७०, आणि चढ-उतार करायला ५० मिमी खाली बसते. लोकांना वाटतं रस्ता खराब म्हणजे गाडी वर करा, राइड सुधारेल. वर केल्यावर पोट घासत नाही हे खरं, पण चाकाला खाली लटकायला जागा कमी उरते, म्हणून खड्ड्यात चाक पूर्ण सुटलं की वरून टक्कन आवाज येतो आणि गाडी जास्त आपटते. नुसत्या खड्ड्यांच्या रस्त्याला नॉर्मल उंचीच ठेवा, दगड-ओढा-खाचर आलं की मग वर, तेही हळू. वेग वाढला की गाडी आपणहून खाली बसते, ते बिघाड समजून घाबरू नका.

तुमचा टेस्ट ट्रॅक ठरवा

घराजवळचा दोन-तीन किलोमीटरचा तुकडा निवडा ज्यात एक स्पीडब्रेकर, थोडे रंबलर, एक ठिगळ मारलेला पट्टा आणि एक वळण आहे. प्रत्येक वेळी तोच वेग, तेवढीच माणसं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी हवा स्टिकरप्रमाणे करून फेरी. मग मोड बदलून. मग फुल लोडच्या आकड्याने. ड्रायव्हर सीटवरून काही कळत नाही, स्टिअरिंग हातात असलं की अंगाला पुढचं आधीच माहीत असतं. मागच्या सीटवर घरातलं सगळ्यात कुरकुरं माणूस बसवा आणि त्याला काय बदललंय ते सांगू नका. आमच्याकडे हे काम मामी करते आणि ती एकदाही चुकलेली नाही.

चालवण्याचंही एक सांगतो. खड्डा दिसला की ब्रेक खड्ड्याच्या आधी मारा आणि चाक आत जायच्या क्षणी सोडून द्या. ब्रेक दाबलेला असताना पुढचं सस्पेन्शन आधीच दबलेलं असतं, मग दणका घ्यायला त्याच्याकडे काही उरत नाही आणि सगळा मार रिमवर.

रस्ता सोडल्यावर हवा सोडायची कधी

टायरमधली हवा कमी केली की जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो, मुख्यतः लांब, रुंदीला थोडासाच. त्याने पकड वाढते आणि राइड एकदम मऊ होते. गोट्यांच्या लांब कच्च्या रस्त्याला स्टिकरपेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी केली तरी मामीला झोप लागते, मात्र वेग आटोक्यात हवा. मऊ वाळूत त्याहून खाली जावं लागतं. दुबईत राहणारी आपली मंडळी शनिवार-रविवार अल बदायरच्या बिग रेड या वाळूच्या टेकडीवर लँड क्रूझर घेऊन जातात, तिथे १५ ते १८ पीएसआयवर आल्याशिवाय कोणी वाळूत उतरत नाही. इतक्या कमी हवेत जोरात वळलात तर टायर रिमवरून सुटतो, आणि बावीस इंची रिमवर तर मुळात खाली जायला जागाच नसते, रिम दगडाला लागतं. आणि डांबर लागायच्या आधी हवा परत भरायचीच, म्हणून बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर गाडीत असल्याशिवाय हवा सोडू नका. प्रेशरचा दिवा लागेल, लागू दे.

वाळू म्हटलं की कोकण-गोवा आठवतं, पण समुद्रावर गाडी घालू नका. गोव्यात ते बेकायदेशीर आहे, आपल्याकडे गावकरी आणि पोलीस दोघंही सोडत नाहीत, आणि भरती आली की क्रेन मिळेपर्यंत खारं पाणी आतपर्यंत जातं.

उंची वाढवायची किट आणि फेंडरच्या बाहेर येणारे टायर, याबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनाने बदल करू देत नाही आणि क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले नेमकं तेच काढतात. एअर सस्पेन्शनच्या सेन्सरची दांडी बदलून गाडीला "फसवून" उंच करणारे तर ऐकूच नका.

आवाज आणि देखभाल

लहान खड्ड्यात खालून टकटक येत असेल तर स्टॅबिलायझर लिंक (अँटीरोल बारला जोडणारी छोटी दांडी) किंवा लोअर आर्मचे बुश आधी बघा, ते स्वस्त असतं. शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला किंवा ब्रेकर गेल्यावर गाडी नाचत राहिली तर शॉकअप. ठरावीक वेगाला, समजा ९०-१०० ला, स्टिअरिंग थरथरतंय आणि त्याहून कमी-जास्त वेगाला नाही, तर चाकाचं बॅलन्सिंग. गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर कडेला खाल्लाय तर अलाइनमेंट. ते दर दहा हजारला आणि प्रत्येक मोठ्या दणक्यानंतर करा, त्याच वेळी टायर पुढचे-मागचे फिरवून घ्या. नक्षी १.६ मिमीवर आली की कायद्याने टायर संपला, पण आपल्या पावसात मी तोपर्यंत थांबत नाही, तीनला बदलतो.

एअर सस्पेन्शनची सेकंडहँड गाडी बघायला जाताना मालकाला सांगा, रात्री सपाट जागी लावून ठेवा, मी सकाळी सुरू करायच्या आधी येतो. एखादा कोपरा बसलेला दिसला तर फुगा किंवा पाइप गळतोय, साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे दिसतात. गळका फुगा तसाच वापरला की कॉम्प्रेसर सतत चालून जळतो आणि मग बिल फुग्याचं राहत नाही. चिखलात जाऊन आल्यावर फुग्यांच्या घड्यांतली माती साध्या पाण्याने धुवा, प्रेशर गन जवळून मारू नका.

जॅक लावायच्या आधी मॅन्युअलमधला टायर बदलायचा मोड लावा, आणि अशा गाडीखाली स्टँड न लावता कधीच शिरू नका. हवा गेली तर दोन-अडीच टनांची गाडी न सांगता खाली येते.

आणि स्टेपनीची हवा. मागच्या दाराला लटकलेली असते म्हणून सगळे तिच्याबरोबर फोटो काढतात, गेज कोणी लावत नाही. भावाच्या गाडीत ती अठरा पीएसआयवर होती.